नव्याण्णव डॉलर

कॅलिफोर्नियाची मतपत्रिका हे एक लांबलचक प्रकरण असतं. निवडणुकीच्या महिनाभर आधी ती टपालाने घरी येते, जाड कागद, दोन्ही बाजूंनी छापलेले. वर राष्ट्राध्यक्ष, सिनेटर वगैरे मोठी मंडळी. मग आमदार, मग न्यायाधीश, शाळा मंडळ, पाणी मंडळ आणि याच गर्दीत कुठेतरी ‘गव्हर्निंग बोर्ड मेंबर, कम्युनिटी कॉलेज डिस्ट्रिक्ट’ अशी एक ओळ. तिथवर पोचेस्तोवर मतदार पार कंटाळलेला असतो. सिटिझन होऊन जमाना झालेले मराठी लोक माझ्या ओळखीत भरपूर आहेत. राष्ट्राध्यक्ष कोण व्हावा यावर ते रात्र रात्र भांडतील, पण ही ओळ त्यांनी कायम कोरी सोडलेली. “कम्युनिटी कॉलेजला बोर्ड असतं?” असं एकाने मला गणपतीच्या आरतीनंतर, हातातली प्रसादाची वाटी तशीच धरून विचारलं.

असतं. आणि ते लोक निवडून देतात. मला स्वतःला याचं नवल अजून ओसरलेलं नाही. आपल्याकडे कॉलेज साहेबांचं असतं. कारखाना साहेबांचा, दूध संघ साहेबांचा, तसं इंजिनिअरिंग कॉलेजही साहेबांचं आणि साहेबांनंतर चिरंजीवांचं. विद्यापीठाच्या सिनेटवर पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून जातात खरे, पण त्या यादीत आपण नाव कधी नोंदवलं होतं का, हे ज्याने त्याने मनाला विचारावं. इथे मात्र कुलगुरूच्या तोडीचा चॅन्सेलर कोणाला नेमायचा, बजेट किती, कोणती इमारत पाडायची, कोणता अभ्यासक्रम सुरू करायचा, यावर शेवटची मान हलवणारी पाच किंवा सात माणसं तुमच्याआमच्यासारखी असतात. पगार जवळजवळ नाहीच, महिन्याला थोडंफार मानधन. पक्षाचं चिन्हही नाही, कारण स्थानिक निवडणुका इथे बिनपक्षाच्या असतात.

माझी एक मैत्रीण या बोर्डाला उभी राहिली आणि मी तिची खजिनदार झाले, त्याची ही गोष्ट. आमच्या सँटा क्लॅरा काउंटीत असे कॉलेज जिल्हे चार आहेत : फुटहिल-डी अँझा, वेस्ट व्हॅली-मिशन, सॅन होजे-एव्हरग्रीन आणि दक्षिणेकडचा गॅव्हिलन. तिचा यातला कुठला, ते मुद्दाम सांगत नाही. तिची हरकत नाही, माझी आहे.

आधी या कॉलेजांबद्दल थोडं. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्चशिक्षणाचा एक मास्टर प्लॅन केला. वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या तिसऱ्या हिश्श्यासाठी स्टेट युनिव्हर्सिटी आणि उरलेल्या सगळ्यांसाठी कम्युनिटी कॉलेज. सगळ्यांसाठी म्हणजे खरंच सगळ्यांसाठी. बारावीत गटांगळ्या खाल्लेल्यांसाठी, चाळिशीत नोकरी गेलेल्यांसाठी, काल विमानातून उतरलेल्यांसाठी. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत, ७३ जिल्ह्यांत विभागलेली. फी २०१२ पासून युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलर. दोन वर्षं इथे काढून बर्कलीला किंवा यूसीएलएला तिसऱ्या वर्षात जाता येतं, आणि मुलं जातात. आपल्या मंडळींना मात्र मुलगा ‘कम्युनिटीत’ आहे हे सांगायची लाज वाटते. तेच लोक नववी-दहावीतल्या लेकीला उन्हाळ्यात तिथलाच कॅल्क्युलसचा वर्ग लावून जीपीए चढवून घेतात, ते वेगळं.

मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या एच-वन या कामाच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, आले तेव्हा नोकरी करायची परवानगी नव्हती. ती काही जणींना २०१५ साली मिळाली, तोवर घर, बाळ आणि भिंत. तेव्हा अकाउंटिंगच्या संध्याकाळच्या वर्गाने मला वाचवलं असं मी म्हणते तेव्हा नवरा हसतो, पण मी अतिशयोक्ती करत नाही. वर्गात शेजारी एक मेक्सिकन आजोबा बसायचे. टाको ट्रकचे हिशेब जमेनात म्हणून शिकायला आलेले.

मैत्रीण भेटली ती मुलांच्या शाळेमुळे. ती व्हिएतनामी, जन्म सॅन होजेचाच. आडनाव असं की त्यांच्यात ते आपल्याकडच्या पाटलांसारखं, दगड मारावा तर त्यालाच लागेल. व्हिएतनामबाहेरच्या कुठल्याही एका शहरात नसतील इतके व्हिएतनामी सॅन होजेत राहतात, लाखाच्या वर. ती एका इस्पितळात श्वसनाचे आजार असलेल्या रुग्णांची यंत्रं सांभाळते, म्हणजे रेस्पिरेटरी थेरपिस्ट. शिकली तेही कम्युनिटी कॉलेजात.

तिचे वडील दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यात लेफ्टनंट होते. ३० एप्रिल १९७५ ला त्या देशाची राजधानी सायगॉन उत्तरेच्या कम्युनिस्टांच्या हाती पडली. जूनमध्ये नव्या सरकारने फर्मान काढलं की जुन्या अधिकाऱ्यांनी ‘पुनर्शिक्षणा’साठी हजर व्हावं. कनिष्ठ अधिकाऱ्यांनी दहा दिवस पुरेल इतकं सामान आणावं, असं त्यात होतं. लोकांनी विश्वास ठेवला. शाळेच्या आवारात रांग लागली, टेबलावर नाव, हुद्दा, युनिट, घरचा पत्ता लिहून घेतला गेला, आणि दहा दिवसांसाठी गेलेली माणसं वर्षानुवर्षं परतली नाहीत. मैत्रिणीचे वडील तीन वर्षांनी सुटले. १९७९ मध्ये नवराबायको होडीतून निघाले आणि मलेशियाच्या पुलाऊ बिडाँग बेटावर लागले. जेमतेम एक चौरस किलोमीटरचं बेट, आणि त्या उन्हाळ्यात त्यावर चाळीस हजारांच्या आसपास माणसं.

अमेरिकेने तरी हात पसरून घेतलं होतं असं नाही. १९७५ च्या गॅलप पाहणीत या निर्वासितांना घेऊ नये म्हणणारे ५४ टक्के होते. कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे तरुण गव्हर्नर जेरी ब्राउन यांचाही विरोध होता. पण माणसं आली, राहिली. त्या वेळी इथल्या जर्दाळूच्या बागा तोडून चिपच्या कंपन्या उभ्या राहत होत्या आणि त्यांना सर्किट बोर्डवर झाळकाम करणारे हात हवे होते. आई त्यात लागली. वडील दिवसा गोदामात आणि संध्याकाळी कॉलेजात, आधी इंग्रजी, मग इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियनचं सर्टिफिकेट. घर त्या सर्टिफिकेटवर उभं राहिलं. मैत्रिणीला लहानपणीचे वडील आठवतात ते असे : स्वयंपाकघरातल्या टेबलावर झोपलेले, कपाळाखाली वही.

ती उभी राहिली त्याला कारण झाले हेच संध्याकाळचे वर्ग. करोनानंतर तिच्या जिल्ह्यात ते कमी होत गेले. काही ऑनलाइन गेले, काही ‘विद्यार्थी कमी’ म्हणून बंद झाले. तिच्या इस्पितळात सफाईचं काम करणारी एक अफगाण बाई इंग्रजीचा वर्ग शोधत होती, तो सकाळी दहाचा मिळाला, म्हणजे न मिळाल्यासारखाच. मैत्रीण बोर्डाच्या बैठकीत बोलायला गेली. तिथे प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं मिळतात. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर बोर्डाला चर्चा करता येत नाही, म्हणून सगळ्यांनी विनयाने ऐकून घेतलं आणि पुढचा बोलणारा आला. परत येताना गाडीत म्हणाली, “मी त्या बाजूला बसायला हवी.”

अर्ज भरताना पहिली कसोटी तीन शब्दांची. मतपत्रिकेवर नावाखाली उमेदवाराचा व्यवसाय छापतात, तो जास्तीत जास्त तीन शब्दांत. लोक त्या तीन शब्दांवर मत देतात, कारण बाकी काहीच ठाऊक नसतं. कोणीतरी सुचवलं, ‘निर्वासितांची मुलगी’ लिही. तसं चालत नाही, व्यवसायच लागतो. तिने परवान्यावरचं नाव तसंच उतरवलं, ‘रेस्पिरेटरी केअर प्रॅक्टिशनर’. बरोब्बर तीन शब्द, आणि कोणाला काही कळू नये असे. मी म्हटलं, अगं, सरळ ‘हेल्थकेअर वर्कर’ लिही. ती म्हणाली, त्या परवान्यासाठी मी रात्री जागले आहे. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. नावांचा क्रम मात्र कोणाच्या हाती नसतो. सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कचेरीत इंग्रजी मुळाक्षरांची सोडत निघते आणि त्या उलट्यापालट्या वर्णमालेने नावं लागतात. तिचं अक्षर वर आलं, एवढं दैव पदरात पडलं.

मग दोनशे शब्दांचं निवेदन. ते मतदारांच्या पुस्तिकेत छापून घराघरात जातं, खर्च उमेदवाराचा. पहिल्या मसुद्यात तिने वडिलांची छावणी, होडी, बेट असं सगळं लिहिलं होतं. ते व्हिएतनामीतही छापलं जाणार, म्हणून वाचायला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि छावणीच्या वाक्यावर पेन्सिलीने एक बारीक रेघ मारली. होडीवरही मारली. बेटावरही. सर्टिफिकेट राहू दिलं. आईची तक्रार वेगळीच होती. अंगणात रोवायच्या पाट्या आल्या, निळ्या, त्यावर लेकीचं नाव दोन फूट लांब. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हिरवळीवर त्या लागल्या. या घरासमोर नाही. आई म्हणाली, आमचं नाव रस्त्यावर लावायचं काय कारण?

मला वाटतं, सगळ्या प्रचारात खरी झटापट झाली ती इथे. निवडणूक म्हणजे आपलं नाव जमेल तितकं उघड्यावर मांडणं. आणि या दोघांचं आयुष्य एका यादीत नाव लिहून दिल्याने उद्ध्वस्त झालेलं. प्रतिस्पर्धी काय, तो एक निवृत्त सद्गृहस्थ होता. भेटला की हात मिळवायचा.

खजिनदार म्हणून हे माझ्या अंगावर आलं ते फॉर्म ४६० च्या रूपात. आधी माझ्या पात्रतेबद्दल, कारण आपले लोक हे हमखास विचारतात. ग्रीन कार्डवाल्याला देणगी देता येते, प्रचार करता येतो, खजिनदार होता येतं. मत नाही. एच-वन, एच-फोरवाल्यांना देणगीही देता येत नाही, फुकट राबायला मात्र कोणाची ना नाही. तर हा फॉर्म. दोन हजार डॉलरच्या वर पैसे गोळा करायचे असतील तर प्रत्येक पैचा हिशेब ठरल्या तारखेला जाहीर करावा लागतो. १९७४ च्या कायद्याने हे सगळं आलं, वॉटरगेट घोटाळा गाजत होता ते वर्ष. पंचवीस डॉलरपासून पुढे देणाऱ्याचं नाव-पत्ता माझ्या वहीत हवा. एका वर्षात एकाच माणसाचे शंभर झाले की तो वहीतून उठून फॉर्मवर जातो : नाव, पत्ता, व्यवसाय, कोणाकडे नोकरी. तो कागद कोणीही मागून पाहू शकतं. रोख शंभर किंवा जास्त घ्यायचेच नाहीत.

आता व्हिएतनामी ज्येष्ठ नागरिक देणगी कशी देतात? पाकिटातून, रोख, दोन्ही हातांनी. टली रोडजवळच्या एका बेकरीत आमची छोटी सभा होती. सभा म्हणजे बर्फावर ओतलेली कंडेन्स्ड मिल्कची कॉफी आणि वीसेक माणसं. सभा संपल्यावर एक आजोबा माझ्याकडे आले, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. लाल पाकीट दिलं. आत वीसच्या दहा कोऱ्या नोटा. मी पावतीपुस्तक काढलं आणि नाव विचारलं. आजोबा हसून नको नको म्हणाले. मी समजावलं, मैत्रिणीने त्यांच्या भाषेत समजावलं, नाव नसेल तर एवढे पैसे ठेवता येत नाहीत, आणि रोख तर नाहीच नाही. त्यांनी विचारलं, “हे नाव कुठे जाईल?” मैत्रिणीने खरं ते सांगितलं. आजोबांनी पाकीट परत घेतलं, नोटा मोजल्या, चार काढून माझ्या हातावर ठेवल्या. ऐंशी. मग खिशातून एक दहाची काढली. मग एक पाचची आणि चार सुट्ट्या. नव्याण्णव. माझ्या वहीपुरतं नाव लिहून दिलं, तेही अशा अक्षरात की वाचायला मैत्रिणीला बोलवावं लागलं. मागच्या टेबलावरून तिचे वडील हे सगळं पाहत होते. घरी गेल्यावर त्यांनीही नव्याण्णव दिले. त्या मोसमात माझ्या वहीत नव्याण्णवच्या ओळी इतक्या झाल्या की कोणी तपासनीस आला असता तर आम्ही काहीतरी दडवतोय असंच त्याला वाटलं असतं. सगळं कायदेशीर, अगदी अक्षराला धरून.

दारोदार फिरणं त्या मानाने सोपं. मतदारांची यादी ॲपवर असते, कोण राहतं, वय काय, मागच्या खेपेला मत टाकलं होतं का. कोणाला टाकलं ते अर्थात नसतं. दाराला पत्रक अडकवायचं, टपालपेटीत नाही. बिनतिकिटाचा कागद तिथे टाकणं हा केंद्र सरकारचा गुन्हा. बहुतेक दारं उघडत नाहीत, कॅमेऱ्यातून आवाज येतो, “नॉट इंटरेस्टेड.” पण पूर्व सॅन होजेत जिथे दार एखाद्या व्हिएतनामी काकांनी उघडलं, तिथे संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. कॉलेजचा प्रश्न दुय्यम. पहिला प्रश्न : वडिलांचं युनिट कोणतं? दुसरा : पिवळ्या झेंड्याबद्दल तुझं मत काय? पिवळ्यावर तीन लाल पट्टे, तो पडलेल्या देशाचा झेंडा इथे अजून फडकतो. कम्युनिटी कॉलेजच्या बोर्डाचा झेंड्याशी काय संबंध, असं विचारणाऱ्याने २००७ सालचं सॅन होजे आठवावं. स्टोरी रोडवरच्या व्यापारी पट्ट्याला नगर परिषदेने ‘सायगॉन बिझनेस डिस्ट्रिक्ट’ असं नाव दिलं. लोकांना ‘लिटल सायगॉन’च हवं होतं. मोर्चे निघाले, एकाने उपोषण केलं आणि शेवटी ठराव मागे घ्यावा लागला. मॅडिसन न्युएन ही २००५ मध्ये निवडून आलेली शहराची पहिली व्हिएतनामी नगरसेविका. याच वादावरून २००९ मध्ये तिला परत बोलावण्यासाठी मतदान झालं. ती टिकली, पण धडा सगळ्यांनी घेतला.

बाहेरच्यांना हा पोरखेळ वाटला. मला वाटला नाही, कारण मी शिकले उल्हासनगरच्या चांदीबाई कॉलेजात. कल्याणहून दोन स्टेशनं. उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना लष्करी छावणीत ठेवलं तिथे वसलेलं गाव. १९४९ मध्ये नाव बदललं, पण पत्त्यात आजही कॅम्प नंबर लागतो. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचं नाव हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड. प्रत्येक फीच्या पावतीवर ते होतं आणि कंसातला ‘सिंध’ मी कधी धड वाचलादेखील नाही. बांद्र्याचं नॅशनल, चर्चगेटचं के. सी., एच. आर., ही सगळी याच मंडळाची. घरदार सोडून आलेले प्राध्यापक कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी दोन वर्षांत, १९४९ ला, बांद्र्यात कॉलेज उभं केलं. मागे राहिलेल्या शहराचं नाव त्यांनी मुंबईच्या पाटीवर लावलं आणि आमच्यासारख्या हजारो मराठी पोरांनी त्या पाटीखालून ये-जा केली. स्टोरी रोडच्या काकांसमोर हातात पॅड घेऊन उभी असताना मला ते सगळं लख्ख कळत होतं आणि सांगायला भाषा नव्हती, त्यांची इंग्रजी आणि माझी इंग्रजी यांच्यात दोन समुद्र होते. काकांनी फणसाचे सुके काप दिले. मी खाल्ले. बहुधा मत मिळालं.

निकाल एका रात्रीत लागत नाही. निवडणुकीच्या दिवशीचा टपालशिक्का असलेली मतं पुढच्या सात दिवसांत आली तरी मोजतात, सह्या पडताळतात. रोज संध्याकाळी आकडे थोडे सरकायचे. आधी ती मागे होती, मग थोडी पुढे, आणि पुढेच राहिली. डिसेंबरात शपथ झाली. आई-वडील आले होते, तिसऱ्या रांगेत, कोट घालून.

बोर्डाची बैठक पाहिली तर माणसाला लोकशाहीचा मोह राहणार नाही. एका इमारतीचं छप्पर, दुसऱ्या इमारतीचा चिलर, पार्किंगचे परवाने, वकिलांची बिलं. रात्री साडेदहाला कोणीतरी एका अहवालातल्या परिशिष्टावर बोलत असतं. संध्याकाळच्या वर्गांचा विषय अजेंड्यावर यायला तिला बरीच खटपट करावी लागली, कारण वर्ग कमी का झाले याला खलनायक कोणी नव्हता. प्राध्यापकांचे करार, सुरक्षेचा खर्च, पटाचा आकडा, सगळ्यांचं थोडं थोडं बरोबर. शेवटी इंग्रजीचे काही वर्ग साडेसहाला सुरू झाले. अफगाण बाई त्यात आहे की नाही ठाऊक नाही, तिने नोकरी बदलली. नवे निर्वासित मात्र आता जवळजवळ येईनासे झाले आहेत, जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनने तो दरवाजा जवळपास लावूनच घेतला. जे आधी आले ते शिकताहेत.

प्रचाराची समिती आम्ही बंद केली नाही, चार वर्षांनी पुन्हा लागेल, त्यामुळे माझे फॉर्म चालूच आहेत. परवा मैत्रिणीच्या वडिलांनी पाकीट दिलं. मी वही उघडली. त्यांनी जानेवारीत दिलेले पन्नास तिथे होते, त्यांना ते आठवत नव्हते. पाकिटात पन्नास. बेरीज शंभर, म्हणजे नाव फॉर्मवर. मी बोटाने ओळ दाखवली. त्यांनी थोडा विचार केला, शांतपणे एक डॉलर काढून घेतला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, हा पुढच्या जानेवारीत देईन.